टायरमधली हवा आणि दुसऱ्याचा घाम



आज एका अगदी साध्या वस्तूविषयी लिहायचे आहे. आपल्या चर्चच्या आवारात मागच्या भिंतीला टेकून दोन चाकांची एक हातगाडी उभी असते. ती आपण सर्वांनी पाहिली आहे. सणाला खुर्च्या आणायच्या असोत, झाडांना शेणखत घालायचे असो, की उन्हाळ्यात पाण्याचे ड्रम वाहायचे असोत, तिच्यावाचून आपले चालत नाही. पण तिच्या टायरमध्ये शेवटची हवा कोणी आणि कधी भरली, असे विचारले तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? मला तरी देता आले नसते. आणि आवाराची देखरेख माझ्याकडेच आहे.

एक प्रसंग सांगतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी फाटकाजवळचा खड्डा भरायचा होता. मुरूम येऊन पडला होता. तो फाटकापर्यंत नेण्यासाठी एका गृहस्थांना रोजाने बोलावले. वय साठीच्या आसपास. त्यांनी गाडीजवळ येऊन आधी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘‘हवा भरून द्या ना जी. जड जाते.’’

मी म्हणालो, ‘‘काका, पंधरा-वीसच खेपा आहेत. पंक्चरवाल्याकडे जाऊन यायला अर्धा तास जाईल. आजच्या दिवस चालवून घ्या.’’

ते काही बोलले नाहीत. कामाला लागले. दुपारी कडुलिंबाखाली पाणी प्यायला बसले, तेव्हा काम लवकर उरकावे म्हणून मीच गाडी घेतली. ढिगापासून फाटकापर्यंत शंभर पावलेही नाहीत. अर्ध्या वाटेतच माझे दंड थरथरू लागले. टायर खाली बसून दोन्ही बाजूंनी फुगला होता. प्रत्येक पावलाला मागून कोणीतरी गाडी ओढून धरते आहे असे वाटत होते. ती एकच खेप मी कशीबशी पुरी केली. काकांच्या तोवर अकरा झाल्या होत्या.

संध्याकाळी ठरलेली मजुरी दिली. ते निघून गेले. रात्री मात्र माझा हिशेब काही जुळेना. मी अर्धा तास वाचवला होता आणि हवेचे पाच-दहा रुपये वाचवले होते. पण हे वाचलेले आले कुठून? ते त्या माणसाच्या खांद्यांतून आणि गुडघ्यांतून आले होते. मी त्यांना विचारले नव्हते, आणि त्याची मजुरीही दिली नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. तो आपल्यापुढे मांडतो. वस्तूची काळजी आपण नेमकी कोणासाठी घ्यायची?

पहिले उत्तर सोपे आहे. स्वतःसाठी, आपल्या खिशासाठी. टायर लवकर गेला तर पैसे जातात. हे खोटे नाही. आणि येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचा टायर झिजून संपतो. आवारातल्या आणि अंगणातल्या सामानाचे तसे नसते. आपली हातगाडी, शेतकऱ्याचे थ्रेशर, पाण्याच्या टाकीची ट्रॉली ही वर्षातून थोडे दिवस चालतात आणि बाकीचे महिने एका जागी उभी असतात. त्यांचे टायर झिजत नाहीत. ते उभ्या उभ्या मरतात. ट्यूबमधली हवा, पंक्चर नसले तरी, रबरातून हळूहळू बाहेर जातच असते. हवा कमी झाली की साऱ्या वजनाखाली टायरची बाजू दुमडते आणि महिनोन्‌महिने त्याच जागी दुमडलेली राहते. वरून मे महिन्याचे ऊन. गोंदियाचे ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. उन्हाने आणि हवेतल्या ओझोन वायूने रबर कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. त्यात डिझेल किंवा ऑइल सांडले तर रबर फुगून नरम पडते. रिमला गंज चढला की त्याची खपली आतून ट्यूबला टोचते. म्हणजे कामाने कमी आणि दुर्लक्षाने जास्त, असे या टायरांचे मरण असते.

पण खिशाचे उत्तर पुरे पडत नाही. कारण त्याचा अर्थ असा होतो की ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला काळजी घेण्याची गरज नाही. ‘टायर माझा, पैसे माझे, खराब झाला तर नवा आणीन, तुमचे काय जाते?’ या प्रश्नाला खिशाकडे उत्तर नाही.

दुसरे उत्तर अलीकडे आपण बरेचदा ऐकतो. पृथ्वीसाठी. हेही खरे आहे. टायरमधले नैसर्गिक रबर झाडाच्या चिकातून येते. आपल्या देशात ते मुख्यतः केरळात पिकते. पहाटे उठून झाडाच्या सालीला खाप देऊन थेंब थेंब चीक गोळा करणारा माणूस त्यामागे असतो. त्यात खनिज तेलापासून केलेले रबर, काजळी, गंधक, सूत आणि तार मिसळून टायर तयार होतो. हा पदार्थ मातीत सहजासहजी कुजत नाही. जाळला तर काळा विषारी धूर होतो. घरामागे टाकून दिला तर पावसाचे पाणी त्यात साचते आणि डेंग्यूचे डास होतात. तेव्हा एक टायर दोन वर्षे जास्त टिकवणे म्हणजे तेवढा कचरा कमी करणे होय. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल इशारा दिला होता, तो अशाच लहान गोष्टींना लागू पडतो.

तरीही या दोन्ही उत्तरांत एक माणूस कुठेच दिसत नाही. तो म्हणजे गाडी ढकलणारा. खिसा मालकाचा, पृथ्वी सर्वांची. पण त्या दिवशी मऊ टायरचा भार ज्याने उचलला, त्याचे नाव या हिशेबात नाही.

भार वाढतो तो का, हे समजून घेऊ. टायर फिरताना जमिनीला लागणारा भाग दबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा मूळ आकारात येतो. दबताना जी शक्ती खर्च होते ती सगळी परत मिळत नाही. काही भाग रबरात उष्णता होऊन वाया जातो. हवा जितकी कमी, तितका टायर जास्त दबतो आणि तितकी जास्त शक्ती वाया जाते. मोटारीत ही शक्ती पेट्रोलमधून येते. म्हणून तेथे मालकाला लगेच कळते. हातगाडीत ती माणसाच्या अंगातून येते, आणि मालकाला कळत नाही.

या दृष्टीने आपल्या गावात एक विलक्षण गोष्ट आहे. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. पुढे तेथे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आली. मार्च २०२२ मध्ये येथून प्रवासी विमानही उडाले. शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने आपल्या बांध्यांवरून घिरट्या घालताना आपण पाहतो. मुलांनाही आता त्याचे नवल राहिलेले नाही.

या वैमानिकांना एक नियम शिकवलेला असतो. उड्डाणापूर्वी विमानाभोवती पायी फेरी मारायची आणि एकेक भाग डोळ्यांनी तपासायचा. त्यात टायरही आले. हवा बरोबर आहे का, चीर आहे का, झीज किती झाली, हे पाहिल्याशिवाय विमान हलवायचे नाही. काल पाहिले होते म्हणून आज सूट नाही. झीज ठरलेल्या मर्यादेपर्यंत आली की टायर काढायचा. मोठ्या विमानांच्या टायरांवर तपासणी करून पुन्हा पुन्हा नवा थर चढवतात आणि तेच टायर परत वापरतात. म्हणजे काटकसर तेथेही आहे, पण तपासणी आधी आहे.

आता विचार करा. एकाच गावात दोन टायर आहेत. एकाकडे प्रत्येक वेळी वाकून पाहिले जाते. दुसऱ्याकडे वर्षभर कोणी पाहत नाही. हा फरक कशामुळे? आपण म्हणू, विमान महाग असते आणि चूक झाली तर जीव जातो. बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की विमानात बसलेला माणूस आपल्याला दिसतो आणि हातगाडीमागे वाकलेला दिसत नाही. एकाचा जीव क्षणात जाऊ शकतो. दुसऱ्याची कंबर वर्षानुवर्षे थोडी थोडी जाते. हळू झालेली हानी आपण हानी मानत नाही.

हवेच्या टायरचा इतिहासही हेच सांगतो. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटिश पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला. घट्ट चाकांचे हादरे मुलाला बसू नयेत एवढाच हेतू. तशी कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच नोंदवली होती, पण ती चालली नाही. डनलॉप यांची चालली, आणि आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीलाही लोक डनलॉप गाडी म्हणू लागले. म्हणजे ही वस्तू जन्मालाच आली ती दुसऱ्याच्या अंगाला बसणारे हादरे कमी करण्यासाठी. तिच्या मुळाशी एका बापाची माया आहे.

पण पुढे काय झाले? सायकली आणि मोटारी वाढल्या, रबराची मागणी वाढली. आफ्रिकेतील काँगो हा मुलूख १८८५ पासून १९०८ पर्यंत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी ताब्यात होता. तेथे रानातले रबर आणण्यासाठी लोकांवर सक्ती झाली. ठरलेला भरणा झाला नाही तर बायकांना ओलीस ठेवत, गावे जाळत, हात तोडत. मिशनऱ्यांनी आणि इतरांनी छायाचित्रांसह हे जगापुढे आणले, तेव्हा ते थांबले. एका ठिकाणचे हादरे कमी झाले, आणि दुसऱ्या ठिकाणच्या माणसांनी ते सोसले. सुख घेणारा आणि सोसणारा एकमेकांना दिसत नव्हते.

आपली हातगाडी आणि काँगो यांची बरोबरी मी करत नाही. तसे करणे त्या लोकांच्या दुःखाचा अपमान होईल. पण दोन्हींत एक धागा आहे. वस्तूचा मालक एक आणि तिचा भार सोसणारा दुसरा, असे जेव्हा होते, तेव्हा मालकाला आपले दुर्लक्ष दुखत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसतोडीत याचे रूप पाहायला मिळते. तेथे अनेक ठिकाणी रबरी चाकांची टायरगाडी कारखान्याची असते आणि तोडणी मजुराला ती भाड्याने मिळते. बैल त्याचे, अंग त्याचे, गाडी दुसऱ्याची. अशा गाडीचे चाक नीट ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नुसता कागदावरचा नाही. बैलांच्या खांद्यावर त्याचे उत्तर रोज लिहिले जाते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात म्हटले आहे की हत्यारे आणि साधने ही स्वतः मानवी श्रमाचीच फळे आहेत आणि श्रमाचे स्थान भांडवलाच्या वर आहे. साध्या भाषेत सांगायचे तर गाडी माणसासाठी आहे, माणूस गाडीसाठी नाही. मग तिसरे उत्तर आपोआप मिळते. वस्तूची काळजी घ्यायची ती जो ती वापरणार आहे त्याच्यासाठी. टायरमध्ये हवा भरणे ही केवळ काटकसर नाही. ते त्या माणसाचे देणे आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ‘मजुरी देतो ना? काम जड असते म्हणूनच तर पैसे देतो.’ खरे आहे, मुरूम जड असतो आणि मुरमाच्या वजनाची मजुरी ठरलेली असते. पण हवा नसल्यामुळे वाढलेले वजन हे मुरमाचे नव्हते. ते माझ्या आळसाचे होते. त्याचा सौदा झालेला नव्हता. आणि ज्याला आजच्या रोजाची गरज आहे तो ‘अशी गाडी मी ओढणार नाही’ असे म्हणू शकत नाही. काका गप्प राहिले, याचा अर्थ त्यांनी मान्य केले असा मी घेतला. तो माझ्या सोयीचा अर्थ होता.

दुसरा आक्षेप असा की, ‘गाडी सर्वांची आहे, मग मीच का?’ जी वस्तू पुष्कळांची असते तिची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, हे ॲरिस्टॉटलने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. प्रत्येकाला वाटते दुसरा पाहील. सार्वजनिक नळ असो, शाळेतला पंप असो, की आपली गाडी, सर्वांची गोष्ट तीच. माझ्या मते याचे उत्तर उपदेशात नाही, नाव लिहिण्यात आहे. कोणत्या महिन्यात कोण पाहणार हे भिंतीवर लिहिलेले असले की वस्तू ‘सर्वांची’ राहते आणि तरीही तिला एक माणूस मिळतो.

आता उलट बाजूही पाहिली पाहिजे. टायर जास्तीत जास्त टिकवणे हेच जर पुण्य मानले, तर आपण दुसऱ्या चुकीत पडू. आपल्यापैकी काही घरांत काहीच न फेकण्याचा अभिमान असतो. ट्यूबला ठिगळावर ठिगळ, टायरची सारी नक्षी गेलेली, बाजूने सूत दिसते आहे, तरी ‘अजून एक हंगाम निघेल’ असे म्हणून ट्रॉली जोडली जाते. त्याच ट्रॉलीत रोवणीच्या बायका बसून जातात. येथे टायर टिकला, पण कोणाच्या जिवावर? ज्या कारणासाठी टायर जपायचा, त्याच कारणासाठी तो वेळेवर काढूनही टाकायचा. सूत किंवा तार दिसू लागली, बाजूला फुगवटा आला, चीर खोल गेली, की तो टायर माणसांच्या कामाचा राहिला नाही. विमानवाले टायर टिकवतातही आणि मर्यादा आली की काढतातही. दोन्हींमागे माप एकच आहे, वर बसलेला माणूस.

म्हणून काय करावे, ते थोडक्यात लिहितो. घरीही ते उपयोगी पडेल.

महिन्यातून एकदा सकाळी, गाडी उन्हात तापण्यापूर्वी, हवा तपासावी. किती हवा भरायची तो आकडा टायरच्या बाजूवरच पाहावा. अंदाजाने भरू नये. हातगाडीच्या लहान टायरला पुष्कळदा तीसेक पौंड हवा लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरला त्याहून बरीच कमी लागते. जास्त भरणेही चुकीचे. मग टायर मधोमध झिजतो आणि उन्हात फुटण्याची भीती असते. व्हॉल्व्हची टोपी हरवू देऊ नये. धूळ आणि चिखल तेथूनच आत जातात.

पंक्चर काढताना नुसती ट्यूब जोडून भागत नाही. बाभळीचा काटा टायरमध्ये आतून तसाच राहिलेला असतो. आतल्या बाजूने सांभाळून कापड फिरवावे, काटा सापडला की बाहेर काढावा, मगच ट्यूब घालावी. रिमचा गंज घासून काढावा. बेअरिंगला ग्रीस द्यावे, कारण चाक जाम असेल तर टायरमध्ये कितीही हवा असली तरी ढकलणाऱ्याला जडच जाते.

हंगाम संपला की थ्रेशर किंवा ट्रॉली सावलीत लावावी आणि आसाखाली लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार काढावा. सावली नसेल तर टायरवर जुने बारदान टाकावे. डिझेल सांडले तर साबणाच्या पाण्याने लगेच धुवावे. मेलेला टायर अंगणात पाणी साचायला ठेवू नये आणि शेकोटीत जाळू नये. भंगारवाल्याला द्यावा.

या सर्वांना मिळून महिन्याला अर्धा तास लागतो. तोच अर्धा तास, जो मी त्या दिवशी वाचवला होता.

पुढच्या रविवारपासून हातगाडीजवळच्या भिंतीवर बारा महिन्यांचा एक कागद लावत आहे. पहिल्या महिन्यापुढे माझे नाव मी लिहिले आहे. हवा भरण्याचा पायपंप माझ्या घरून आणून ठेवत आहे. बाकीच्या अकरा जागा रिकाम्या आहेत. मिस्सा संपल्यावर घरी जाताना क्षणभर मागच्या भिंतीपाशी थांबा. काकांनी दाबला तसा टायर अंगठ्याने दाबून पाहा. तो दबला, तर उद्या ही गाडी कोण ढकलणार आहे, एवढे मनात आणा आणि मग कागदावर नाव लिहा.